लाल टिंब नसलेली मुलगी

फुमिनोनं पाकिटाची दोरी सोडली, आतली पिवळी चिठ्ठी तेवढी बाहेर काढली आणि बसथांब्याच्या बाकावर बसून सरळ वाचायला लागली. पाकीट तिचं नव्हतं. चिठ्ठीही तिची नव्हती.

'सायोरी, काल गणिताच्या तासाला खिडकीतून एक चिमणी आत आली आणि थेट तुझ्या बाकावर बसली. मी तिला म्हटलं, जागा राखून ठेव गं. घाई मुळीच नाही. पण तू नसलीस की वर्ग अपुरा वाटतो. — कुसाका.'

खाली बाईंनी चिमणी काढली होती. चोच नसती तर बटाटा म्हणून खपली असती.

"म्हणे अपुरा वाटतो," फुमिनो पुटपुटली. "आम्ही तीस जण बसतो तिथे, आमचं काय लोणचं घालायचं?"

दर गुरुवारी हे पाकीट तिच्या हातात पडायचं. जूनपासून सायोरी शाळेत आली नव्हती आणि तिचं घर फुमिनोच्या वाटेवर होतं. घर वाटेवर असेल त्यानं गैरहजर मुलीचे कागद पोचवायचे, ही पहिलीपासूनची रीत, ती काही अकरावीला सुटत नाही. आठवड्याचे गृहपाठ, सहलीची सूचना, कॅन्टीनचं वेळापत्रक आणि सगळ्यांत वर बाईंची चिठ्ठी. आतापर्यंत सोळा चिठ्ठ्या झाल्या होत्या. फुमिनोनं सोळाच्या सोळा वाचल्या होत्या.

बस दिसली तशी ती उठली. चिठ्ठी पाकिटात परत घालायला गेली आणि हात थांबला. तिनं चिठ्ठीची वरची कड दुमडली. 'सायोरी' हा शब्द घडीत गेला. आता चिठ्ठी 'काल गणिताच्या तासाला' इथून सुरू होत होती आणि ती कुणाचीही असू शकत होती. फुमिनोनं ती आपल्या कंपासपेटीत ठेवली, पाकिटाची दोरी गुंडाळली आणि बसमध्ये चढली.

सायोरीचं घर उताराच्या पायथ्याशी, फुमिनोचं वर टोकाला. बेल वाजवल्यावर दार चार बोटं उघडलं. साखळी तशीच राहिली. फटीतून सायोरीचा एक डोळा आणि अर्धं नाक दिसलं.

"आणलंस?"

"आणलं."

पाकीट फटीतून आत गेलं. सायोरीनं तिथेच उघडून चाळलं, पुन्हा चाळलं.

"चिठ्ठी नाही आज?"

"मला काय विचारतेस? पाकीट तुझं, तू बघ."

सायोरीनं कागद परत पाकिटात घातले. मग म्हणाली, "तुझी आजी आज दुपारी खाली उतरली गं. पाठीला मासळीची टोपली, पायात गुलाबी सपाता. मी वरच्या खिडकीतून हाक मारली, तर मलाच म्हणते, 'ऊठ आळशे, लिलाव सुरू झाला!'"

"मग?"

"मग बंदरावरच्या पोलिसानं आणून सोडली. दोन वाजले असतील."

फुमिनोनं दप्तराचा पट्टा घट्ट धरला. "कुणाला सांगू नकोस."

"मी कुणाला सांगणार? माझ्याकडे येतं कोण?"

"बाई येतात की! पंधरा दिवसांनी घरी, दर गुरुवारी चिठ्ठी, शिवाय फोन. आणखी कोण यायला हवंय तुला, महापौर?"

फटीतला डोळा मिटला आणि उघडला. "जळतेस काय गं माझ्यावर?"

"तुझ्यावर? शाळेचं फाटक बघून जिच्या पोटात दुखतं तिच्यावर?"

"मी जळते तुझ्यावर," सायोरी साधंच बोलली. "सकाळी सातला तू या उतारावरून धावत जातेस ना, मी बघते रोज. एकदाही थांबत नाहीस."

फुमिनो वळली. "उशीर झालाय," एवढं म्हणून ती चढ चढायला लागली.

जळतेस काय, म्हणे. जळत होतीच ती. पार तिळपापड होत होता अंगाचा. ही आजची गोष्ट नव्हती. जुलैत बाईंनी पालकांना बोलावलं होतं, एकेक मूल, एकेक पालक आणि समोर बाई. फुमिनोची आई खेकडे उकडण्याच्या शेडवरून रबरी बूट बदलून, हातांना लिंबू चोळून आली होती. बाई हसून म्हणाल्या, "फुमिनोबद्दल बोलण्यासारखं काही नाहीच हो. एक दिवस खाडा नाही. हिची मला काळजीच नाही." चार मिनिटांत दोघी बाहेर. आई खूश झाली. पुढचा नंबर सायोरीच्या वडिलांचा होता. मुलगी आलीच नव्हती, तरी ते आणि बाई चाळीस मिनिटं बोलत बसले. फुमिनोनं भिंतीवरच्या घड्याळात मोजली होती.

आणि ती काळी वही. वर्गसेवेची पाळी असली की बाईंच्या टेबलावरून खडू आणायला जावं लागे, तेव्हा वही उघडी दिसायची. एकतीस नावं, एकतीस ओळी. खाडे दहा झाले की नावापुढे लाल टिंब. ज्याला लाल टिंब, त्याच्यासाठी गुरुवारची शिक्षकांची बैठक, त्याच्यासाठी चिठ्ठ्या, घरी जाणं, गरम चहा. वर्गात अशी चार टिंबं होती, सायोरीचं सगळ्यांत जाड. ऑक्टोबरअखेरपर्यंत ती आली नाही तर एकतृतीयांश तास बुडणार होते आणि वर्ष हातचं जाणार होतं, म्हणून बाईंचा जीव टांगणीला लागला होता. फुमिनोची ओळ धुतल्यासारखी कोरी होती. मार्चमध्ये तिला त्याचं प्रशस्तिपत्रक मिळालं होतं. ते आजीनं गरम भांड्याखाली घेतलं.

घरात शिरताच करपल्याचा वास आला. ओट्यावरचं पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं. शेगडी बंद होती, देवाची कृपा. आजी टेबलाशी बसून वर्तमानपत्रात एक रिकामी वाटी गुंडाळत होती.

"आलीस का गं पोरी? हा बांगडा घेऊन जा, ताजा आहे."

"आजी, शेगडी कुणी पेटवली?"

"मी नाही बाई. मी तर बाजारात होते."

आई सहाला आली. तिनं पातेलं पाहिलं. एप्रन काढून ते घासायला बसली. फुमिनोनं भात वाढला, आजीच्या माशातले काटे काढले.

"सहा नोव्हेंबरला मोठ्या खेकड्यांचा हंगाम सुरू," आई पातेल्याशी बोलत असल्यासारखी म्हणाली. "पहाटे तीनला शेडवर जावं लागेल. सुटायला संध्याकाळ. मार्चपर्यंत तसंच."

"माहीत आहे."

"शेडवरच्या मुख्य बाई म्हणत होत्या, पुढच्या वर्षीपासून तुलाही घेतील."

"बरं."

"मी काही म्हणत नाही हं, फुमी. तू ठरव." आईनं घासणी पिळली. "शिक्का ड्रॉवरमध्ये आहे."

आई एवढंच म्हणाली, त्याहून जास्त तिला म्हणवलंही नसतं. पालकाचा शिक्का उमटल्याशिवाय शाळा सोडण्याचा अर्ज शाळा घेत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. आजीनं त्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, "कुणाचं लग्न ठरलं?"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत फुमिनो कार्यालयाच्या खिडकीशी गेली. आत मोरिवाकी कारकून डबा खात होता.

"काका, शाळा सोडण्याचा अर्ज हवा होता."

मोरिवाकीचा घास हातातच राहिला. त्यानं चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, आणि मग त्याचा चेहरा सैल झाला. त्याला उलगडा झाला होता. सहलीचे कागद न्यायला हीच यायची, विम्याचे कागदही हीच न्यायची.

"अरेरे," तो म्हणाला. "शेवटी वेळ आलीच का तिच्यावर? सायोरीच ना? कुसाका बाईंनी किती धडपड केली हो त्या पोरीसाठी."

फुमिनो तोंड उघडणार होती. 'नाही काका, माझाच' एवढं म्हणायचं होतं, तीन शब्द. पण मोरिवाकी आधीच कपाटाकडे वळला होता आणि पाठमोरा हळहळत होता, आणि ती हळहळ अस्सल होती. तिच्या मनात आलं, सायोरीसाठी हा हळहळतो. माझं नाव ऐकलं तर म्हणेल, छे, तू थट्टा करतेस, तुला काय धाड भरली आहे?

"सोमवारपर्यंत आणून दे म्हणावं," त्यानं कागद पुढे केला. "आणि पालकांचा शिक्का नीट उमटू दे म्हणावं, फिका चालत नाही."

"सांगते," फुमिनो म्हणाली.

साडेतीनला घंटा झाली. फुमिनो दाराशी कप्प्यांसमोर वाकून बूट बदलत होती. आतले पांढरे कापडी बूट कप्प्यात, बाहेरचे काळे पायात. तेवढ्यात जिन्यावरून धाडधाड पावलं वाजली. कुसाका बाई. हातात गाडीची किल्ली, कोटाची एक बाही घातलेली, दुसरी लोंबत होती. मागून मोरिवाकी ओरडत होता, "अहो बाई, सोमवारपर्यंत वेळ आहे!"

बाईंचा खांदा फुमिनोच्या खांद्याला जोरात लागला. ती कप्प्यावर आदळली.

"माफ कर हं!" बाई म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दार ढकलून त्या पायऱ्या उतरल्या, कालच्या पावसाच्या डबक्यातून फचाफच गेल्या आणि गाडीत बसल्या. त्यांच्या पायांत आतले पांढरे बूट तसेच होते.

फुमिनो एक बूट हातात घेऊन बघत राहिली. गेल्या सहा वर्षांत, या शाळेत काय किंवा आधीच्या, आतल्या बुटांनी डबक्यात पाय घातलेला शिक्षक तिनं पाहिला नव्हता. भूकंपाच्या कवायतीतसुद्धा बाई बूट बदलण्यावरून ओरडायच्या.

अर्ज माझा, ती मनात म्हणाली. अर्ज माझा, आणि धावतायत तिच्यासाठी.

बसमध्ये ती उभीच राहिली, जागा असूनही. खांदा ठणकत होता. एवढा राग तिला आजीचाही कधी आला नव्हता, गॅस उघडा राहिला त्या दिवशीसुद्धा. कुणावर जळायचं याला काही धरबंध असतो. आता ती एका बंद दाराआडच्या, फिकट पडलेल्या, भेदरलेल्या मुलीवर जळत होती आणि हे कळूनही थांबवता येत नव्हतं. डोळे पुसायला तिनं रुमाल काढला, तर कंपासपेटी खाली पडली. तिनं ती उचलून दप्तराच्या तळाशी कोंबली.

उताराच्या पायथ्याशी बाईंची पांढरी गाडी उभी होती, एक चाक फुटपाथवर. सायोरीच्या घराचं दार आज सताड उघडं होतं. साखळी लोंबत होती. आतून बाईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. फुमिनो मान खाली घालून पुढे गेली आणि चढ तिनं जवळजवळ पळतच पार केला.

आजी झोपली होती. घर शांत होतं. फुमिनोनं हात धुतले, टेबल पुसलं, अर्ज पसरला. नाव, वर्ग, जन्मतारीख. 'शाळा सोडण्याचं कारण' या रकान्यात तिनं 'घरगुती' लिहिलं. जागा पुष्कळ उरली. मग ड्रॉवरमधून आईचा शिक्का काढला, लाल शाईची डबी उघडली. शिक्का शाईवर दोनदा दाबला. फिका चालत नाही.

शिक्का कागदावर येणार, तोच खालून कुणीतरी मोठ्यानं ओरडलं. आवाज ओळखीचा होता, पण इतका मोठा तो तिनं कधी ऐकला नव्हता.

"वरचं घर! शेवटचं! निळ्या पन्हाळीचं!"

फुमिनो खिडकीशी गेली. रस्त्याच्या मधोमध सायोरी उभी होती. मोज्यांवरच, केस विस्कटलेले, उन्हानं डोळे बारीक केलेले. जूननंतर तिनं रस्त्यावर पाय ठेवला नव्हता. तिचा हात लांब झालेला होता आणि बोट सरळ फुमिनोच्या खिडकीकडे होतं. आणि त्या बोटाच्या दिशेनं, धापा टाकत, एक बाही लोंबत, कुसाका बाई चढ चढत होत्या.

फुमिनो शिक्का हातात घेऊन तशीच दाराशी गेली. बाई पोचल्या तेव्हा त्यांना आधी बोलताच येईना. चौकटीला धरून त्या वाकून उभ्या राहिल्या.

"कुठे आहे?" शेवटी त्या म्हणाल्या. "अर्ज."

"टेबलावर."

"शिक्का?"

फुमिनोनं मूठ उघडली. तळव्यावर आईचं आडनाव लाल उमटलं होतं. बाईंनी ते पाहिलं आणि त्या दाराच्या आतल्या पायरीवर मटकन बसल्या.

"सायोरी म्हणाली, मी कुठला अर्ज मागवणार, मला तर टपालपेटीपर्यंत जाता येत नाही. मग म्हणाली, माझे कागद आणतं कोण? आणि मग आजीचं सांगितलं. सपाता, टोपली, पोलीस, सगळं." बाईंनी कपाळ पुसलं. "अगं, तू एक दिवस घरी राहिली नाहीस. एक दिवस! मला कसं कळणार होतं?"

"घरी राहून कसं चालेल, बाई?" फुमिनो म्हणाली. आवाज चढला तो तिलाही कळला. "शाळेतच तेवढं बसायला मिळतं."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. सकाळी धावत आलेली, दुपारी डबा खाऊन बाकावर डोकं टेकणारी ही मुलगी त्यांनी दोन वर्षं रोज पाहिली होती. त्यांनीच एकदा म्हटलं होतं, झोपू द्या तिला, हुशार आहे, तिची काळजी नाही.

"दुपारच्या चिठ्ठीचं..." फुमिनोनं सुरुवात केली. "म्हणजे कालच्या. ती मी घेतली. चिमणीची."

"माहीत आहे. सायोरीनं ओळखलं." बाई किंचित हसल्या. "म्हणाली, तिच्याकडेच राहू दे. आणि म्हणाली, तुम्हाला चित्र अजिबात काढता येत नाही."

"नाहीच येत," फुमिनो म्हणाली आणि तिला एकदम रडू फुटलं. तोंड वेडंवाकडं करून, नाक ओढत, अगदी लहान पोरासारखं. बाईंनी तिला थोपवलं नाही. त्या तशाच बसून राहिल्या आणि मग उठण्यासाठी बूट काढायला वाकल्या.

"अगबाई!" त्या म्हणाल्या. "हे मी काय घालून आले?"

पांढरे कापडी बूट घोट्यापर्यंत चिखलानं माखले होते. टाचेवर शाईनं लिहिलेलं 'कुसाका' अर्धंच वाचता येत होतं. बाई मोज्यांवर आत आल्या आणि टेबलाशी जाऊन तो कागद वाचायला लागल्या. 'घरगुती' या शब्दावर त्या बराच वेळ थांबल्या. मग त्यांनी विचारलं, "आई किती वाजता येते?"

"सहाला."

"मी थांबते. आज चार मिनिटांत नाही जायची."

फुमिनोनं शिक्का पुसून डबीत ठेवला, ओलं फडकं आणलं आणि दाराशी उकिडवी बसून ते बूट पुसायला घेतले. उद्या शनिवार असला तरी सोमवारी हे शाळेच्या फरशीवर जायचे होते. तिनं आधी तळवे पुसले, मग कडा, मग टाचेवरचं नाव, ते मात्र सावकाश. बाहेर उतारावर सायोरी अजून उभीच होती. फुमिनोनं फडकं हलवलं. सायोरीनं आधी मागे पाहिलं आणि मग हात वर केला.

आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. आजी जागी झाली होती.

"कोण आलंय गं?"

"आमच्या बाई आल्यात, आजी."

"कुणाकडे आल्यात?"

फुमिनोनं दोन्ही बूट जोडून, टोकं दाराकडे करून ठेवले.

"माझ्याकडे," ती म्हणाली.